मोठं इंजिन, जुनी चेसिस

छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडीच्या गल्ल्यांत माल उतरवायला जो जुना ४०७ टेम्पो घुसतो, त्याच्या इंजिनाचं नाव ४९७. यातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ म्हणजे बोअर, मिलिमीटरमध्ये. टाटांच्या जुन्या ट्रकांतलं ६९२ आणि ६९७ हेही असंच वाचायचं: सहा सिलिंडर, बोअर ९२ किंवा ९७. वरवर फरक पाच मिलिमीटरचा. पण ६९७ चा स्ट्रोकही आठ मिलिमीटरने जास्त, त्यामुळे ६९२ चं इंजिन पावणेपाच लिटरचं, तर ६९७ चं साडेपाचच्या पुढचं. चाळीसगावकडून भरलेली गाडी औट्रम घाट, म्हणजे आपला कन्नड घाट, चढायला लागली की हे जवळजवळ एक लिटर काय चीज आहे ते कळायचं. जुन्या गाडीत मोठं इंजिन घालण्याची ओढ अशा चढावरच लागायची.

या प्रथेचा पहिला पूर्वज मात्र ताकदीसाठी आलेला नाही, स्वस्त तेलासाठी आला. फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ मध्ये इंग्लंडातल्या पीटरबरो इथे डिझेल इंजिनांचा कारखाना काढला आणि १९३७ मध्ये पी-६ हे सहा सिलिंडरचं इंजिन आणलं. पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रकचं इंजिन उतरवून त्या जागी पी-६ बसवणं हा त्या काळचा रीतसर धंदा होता. आपल्याकडे मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्सची इंजिनं बनवू लागली आणि डॉज, फार्गो, बेडफर्डच्या पेट्रोल गाड्या डिझेल पिऊ लागल्या. पुढे पर्किन्सचंच ६.३५४ आलं. त्याच्याही नावात मापच आहे: सहा सिलिंडर, ३५४ घनइंच, म्हणजे ५.८ लिटर. इंधन बदलता बदलता इंजिन मोठंही होत गेलं, ते असं.

तेव्हाच्या कायद्याला त्याचं वावडं नव्हतं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात फेरबदलाचं कलम होतं, पण त्याचा रोख सगळा नोंदवहीवर होता. आरसी बुकातला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी जुळली पाहिजे, त्यासाठी कळवा आणि मंजुरी घ्या, एवढंच. गाडी चोरीची आहे का, कर बरोबर भरला का, हे सरकारचे प्रश्न. नळीतून काय बाहेर पडतं, ते कुणी विचारत नव्हतं.

१९५४ मध्ये टाटांची टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरहून मर्सिडीजचा तारा मिरवणारे ट्रक निघू लागले. करार १९६९ मध्ये संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला, पण इंजिनांचा वंश तोच राहिला. मेकॅनिकच्या दृष्टीने हे सोन्याहून पिवळं. एकाच घराण्यातलं इंजिन असलं की निम्मं काम हलकं होतं. चेन पुलीला टांगून जुनं इंजिन बाहेर काढायचं, फाउंडेशन तपासायचं, हाऊसिंग जुळवायची, क्लच प्लेट मोठी घालायची, रेडिएटर पुरेल का ते बघायचं. दोन गोष्टी मात्र बहुतेक वेळा जुन्याच राहायच्या: मागचा क्राऊन आणि ब्रेक. वाढीव ताकद चढावर कामी येते, पण तीच गाडी तेवढाच माल घेऊन घाट उतरते तेव्हा इंजिनापेक्षा ब्रेकचं माप महत्त्वाचं ठरतं. हे सांगणारा मेकॅनिक खरा, पण मालकाला ते ऐकायचं नसतं.

जीपगाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. महिंद्रांनी जीपमध्ये आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन घातलं, मग १९७९ मध्ये प्यूजोशी डिझेल इंजिनांचा करार केला. कंपनीनेच वाट दाखवल्यावर जुन्या पेट्रोल जीपवाल्यांनी गॅरेज गाठलं नसतं तरच नवल.

धूर कायद्याच्या नजरेत आला तो नव्वदच्या दशकात. जड डिझेल वाहनांसाठी १९९२ मध्ये पहिल्या मर्यादा आल्या. नायट्रोजन ऑक्साइडांना दर किलोवॉट-तासाला १८ ग्रॅमची मुभा होती. १९९६ मध्ये ती १४.४ झाली, २००० मध्ये ८, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये अर्ध्या ग्रॅमच्याही आत. यात एक बारकावा आहे. छोट्या गाडीची चाचणी अख्ख्या गाडीवर होते, तर जड ट्रकचं फक्त इंजिन डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून मोजतात. म्हणजे स्वच्छतेचा दाखला मुळात इंजिनाचा. मग दाखला असलेलं इंजिन जुन्या चेसिसवर बसवायला हरकत काय?

हरकत ११ ऑगस्ट २००० पासून आहे. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ त्या दिवशी लागू झालेल्या दुरुस्तीने बदललं. मंजुरी घेऊन फेरबदल करण्याची वाट बंद झाली आणि कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करायचाच नाही, असं ठरलं. त्याच नमुन्याचं इंजिन बसवून आरटीओत नवा नंबर चढवून घेता येतो, मोठं बसवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षाही ठरवली: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

इथे मला कायद्याचं गणित पटत नाही. थकलेलं मूळ इंजिन, मायकोच्या डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलेलं, चढावर काळा धूर ओकतं. पीयूसीला जाताना तोच स्क्रू उलटा फिरवला की गाडी धुराच्या ६५ हार्ट्रिज मर्यादेच्या आत बसते, कारण तिथे जागेवर रेस करून धुराची दाटी तेवढी बघतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ही गाडी कायदेशीर. तिच्यात बीएस-३ चं निरोगी, थोडं मोठं इंजिन बसवलं तर धूर कमी होईल, पण गाडी बेकायदा.

कायद्याने एकच खिडकी उघडी ठेवली, ती पर्किन्सच्याच वाटेची: इंधन बदलायचं असेल तर या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर न्यायला सांगितलं, तेव्हापासून ही खिडकी रुंदावत गेली. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने साडेतीन टनांखालच्या बीएस-६ गाड्यांतही डिझेल इंजिन काढून सीएनजी किंवा एलपीजीचं बसवायची परवानगी दिली, अर्थात चाचणी संस्थेने मान्य केलेलंच.

बीएस-६ चं डिझेल इंजिन जुन्या ट्रकात घालायचा विचारही आता कुणी करत नाही. त्याच्यासोबत युरियाची टाकी, काजळीचा फिल्टर, सेन्सर, वायरिंग आणि संगणक एवढा सगळा बारदाना उचलून आणावा लागतो. म्हणून जुन्या ४०७ चा मालक काय करतो, तर लायनर-पिस्टन बदलून तेच ४९७ पुन्हा बांधून घेतो. आणि ज्या चढावर मोठ्या इंजिनाची ओढ लागायची, त्या औट्रम घाटातून जड वाहनांना ऑगस्ट २०२३ पासून बंदी आहे, मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने.