मोती आणि पळीभर तेल

सत्य हे कल्पनेहूनही अद्भुत असते, असे म्हणण्याचा एक प्रघात पडून गेला आहे. जुने कागद ज्यांनी फारसे चाळलेले नाहीत तीच मंडळी हे वाक्य अधिक उत्साहाने उच्चारतात, असा माझा अनुभव आहे. खरे दप्तर सोडून बसावे, तर पाचव्या पानाला जांभई येते. तलवारींचा खणखणाट तिथे क्वचितच ऐकू येतो. हिशेब मात्र तेलाचा, मिठाचा आणि मागील बाकीचा असतो. तेव्हा सत्य नेहमीच रंजक असते काय, या प्रश्नाचे उत्तर मी आरंभीच देऊन टाकतो: नसते. पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. तो का मिटत नाही, हे सांगण्यासाठी वाचकांना थोडे खानदेशात यावे लागेल.

भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. आचार्यांनी लेकीची पत्रिका मांडली, तर तिच्या भाळी संसाराचा योग दिसेना. फार गणित करून त्यांनी एकच एक शुभ घटिका शोधून काढली. लग्नाच्या दिवशी घटिकापात्र पाण्यावर सोडले. बारीक छिद्रातून पाणी शिरून ते बुडेल, तोच मुहूर्त. नटलेली लीलावती कुतूहलाने त्यावर वाकली, आणि तिच्या अंगावरचा एक मोती ओघळून नेमका त्या छिद्रात बसला. पात्र बुडेना, घटिका कोणाला कळली नाही, आणि मुहूर्त टळला. तेव्हा बापाने लेकीचे डोळे पुसले आणि सांगितले, ‘तुझ्या नावाचा ग्रंथ लिहितो, तो काळाच्या अंतापर्यंत राहील.’

गोष्ट अशी बेतीव आहे की, तिच्यात मोत्याएवढाही फेरफार करू नये. पण इतिहासाचा अभ्यासक हा सणाच्या घरी आलेला अरसिक पाहुणा असतो. तो नको तिथे तारीख विचारतो. ‘लीलावती’ हा ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग. तो १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ३६व्या वर्षी, म्हणजे ११५० साली, पुरा केला. मोत्याची गोष्ट येते ती १५८७ साली, अकबराच्या आज्ञेवरून फैजीने केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. मध्ये ४३७ वर्षे गेली! शिवाय ग्रंथातल्या उदाहरणांत आचार्य कुठे ‘बाले’ म्हणतात, कुठे ‘सखे’, तर कुठे ‘कान्ते’. लेकीला कान्ता म्हणणारा बाप मला तरी ठाऊक नाही.

आता खऱ्या कागदाकडे वळू. कागद कसला, दगडच तो. चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशीत, पाटणादेवीचे स्थान आहे. तिथल्या देवळातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधून काढला आणि १८६५ साली छापलेल्या निबंधातून विद्वानांपुढे मांडला. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या काळातला, इ. स. १२०७चा हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणात मठ स्थापला, आणि निकुंभ वंशातल्या सोइदेव नावाच्या मांडलिकाने चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठाला दान दिले. ही झाली हकिगत.

लेखात वंशावळ आहे. त्रिविक्रमापासून भास्करापर्यंत आणि पुढे लक्ष्मीधर व चांगदेव यांच्यापर्यंत नावे येतात. लीलावतीचे नाव त्यांत नाही. मात्र त्यावरून ती नव्हतीच असे म्हणणे घाईचे होईल, कारण अशा वंशावळींत मुलींना जागाच नसे. संस्कृत संपले की शेवटी मराठी सुरू होते. ‘ज्ञानेश्वरी’च्याही ८३ वर्षे आधीची ही मराठी. आणि ती काय सांगते? पाटणात जो माल विकायला उघडेल, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला. नगरानेही आपल्याकडून दामाचा विसोवा जोडला. माप घालायचे ते मठाच्या मापाने. आणि जितके घाणे चालतील, तितक्यांमागे पळी पळी तेल. झाले! ना मोती, ना अश्रू.

मीही हा भाग प्रथम वाचला तेव्हा डोळा सरळ शेवटाकडे धावत होता. पण मग एक प्रश्न मनात आला, की हे तेल द्यायचे कोणी? घाणा हाकणाऱ्याने. त्याला वर्गमूळ येत नसेल, ग्रहणाचे गणित येत नसेल. पण त्याच्या पळीभर तेलावर, वाण्याच्या मापावर आणि गिऱ्हाइकाच्या दामावर भारतातल्या एका श्रेष्ठ गणितज्ञाचे ग्रंथ पुढच्या पिढीला शिकवले जाणार होते. विद्येचा खर्च बाजाराच्या वहीत मांडलेला मला इथे दिसला. गोष्टीत ग्रंथ टिकतो तो बापाच्या आशीर्वादाने. दगडावर तो टिकवण्यासाठी सगळा गाव पळीपळीने वर्गणी भरतो.

अशी पळी सापडावी म्हणून आधी कोणीतरी रुक्षपणा सोसावा लागतो. खानदेशानेच असा माणूस आपल्या घरी ठेवला होता. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचे २२ खंड त्यांनी उभे केले. त्यांची अखेर धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘तू गमतीचा आहेस काय?’ असे विचारून या माणसाने कागद निवडले असते, तर २२ खंडांचे दोनही झाले नसते. त्यांतले कित्येक कागद आजही कंटाळवाणे आहेत, आणि पुढेही राहतील. त्यांना मीठमसाला लावून चविष्ट करू नये. प्रश्न घेऊन जाणाऱ्याशी ते बोलतात, एवढे पुरे.

मग मुलांना मोत्याची गोष्ट सांगू नये काय? अवश्य सांगावी, तिनेच लीलावतीचे नाव घरोघरी नेले. फक्त ती फैजीची गोष्ट आहे, हे सांगायला विसरू नये. कारण तिच्यात एक डंख आहे: मुलीचे लग्न मोडले म्हणून तिच्या वाट्याला गणित आले, जणू ती नुकसानभरपाईच! ऐकणाऱ्या पोरींच्या मनात हे मुकाट्याने रुजू देणे बरे नव्हे.

म्हणून यंदा फराळाची ताटे पुढे आल्यावर, गोष्ट संपली की हेही गणित घालून पाहावे. घाणे पाटणचे, संख्या मात्र माझ्या पदरच्या: ‘पाटणात बारा घाणे चालतात. दर घाण्यामागे रोज एक पळी तेल मठाला जाते. तीन घाणे पंधरा दिवस बंद राहिले, तर तीस दिवसांच्या महिन्यात मठाला किती पळ्या तेल मिळाले?’ उत्तर मी सांगत नाही. ज्याला आधी येईल, त्याला एक करंजी जास्त.