वृद्धांच्या तोलाचे मूल्यमापन : एक ऐतिहासिक आढावा (मोहने परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
कल्याण तालुक्यातील मोहने हे गाव नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन (एन.आर.सी.) या कारखान्याच्या आधाराने वाढले. 2009 मध्ये हा कारखाना बंद पडला. तेथे उमेदीची वर्षे घालविलेली कामगारांची पिढी आता वार्धक्यात आहे. तोल जाऊन पडणे हे उतारवयातील अस्थिभंगाचे व परावलंबनाचे प्रमुख कारण होय. प्रस्तुत लेखात तोल तपासण्याच्या पद्धतींचा आढावा घेऊन त्यांची एक मर्यादा स्पष्ट केली आहे.

विवेचन :
पाय जुळवून उभा असलेला रुग्ण डोळे मिटताच डोलू लागतो, हे लक्षण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्लिनचे वैद्य मोरिट्झ रोम्बर्ग यांनी नोंदविले. पायांची संवेदना क्षीण झाली की माणूस नजरेच्या आधाराने तोल राखतो, असा त्याचा अर्थ. हा शोध कारणाचा होता.

वृद्धांसाठीच्या चाचण्या मात्र बऱ्याच उशिरा आल्या. 1986 मध्ये मेरी टिनेटी यांनी तोल व चाल यांना गुण देण्याची पद्धत मांडली. 1989 मध्ये कॅथरीन बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 14 कृतींची, 56 गुणांची मोजपट्टी मांडली. 1991 मध्ये पोड्सियाड्लो व रिचर्डसन यांनी खुर्चीतून उठणे, 3 मीटर चालणे, वळणे व परत येऊन बसणे यास लागणारे सेकंद मोजले. खुर्ची व घड्याळ एवढ्यावर भागणारी ही चाचणी साध्या दवाखान्यातही करता येते.

परंतु सेकंद धोका सांगतात, कारण सांगत नाहीत. व्हिस्कोस रेयॉनच्या निर्मितीत कार्बन डायसल्फाइड वापरतात. या द्रव्यामुळे रबर कामगारांना होणारे मज्जाविकार फ्रान्समध्ये ऑग्यूस्त देल्पेश यांनी 1856 मध्येच वर्णिले होते. दीर्घ संपर्काने पायांच्या नसा दुर्बल होऊ शकतात. मधुमेहानेही तसेच घडते. तेव्हा निवृत्त कामगार डोलतो तो वयामुळे, मधुमेहामुळे की जुन्या कामामुळे, हे घड्याळावरून कळत नाही. त्यासाठी त्याने कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले, हे विचारावे लागते. वरील गुणपत्रिकांत या प्रश्नास जागा नाही.

निष्कर्ष :
रोम्बर्ग यांचा ‘का?’ आणि 1991 चा ‘किती?’ हे दोन्ही प्रश्न परस्परपूरक आहेत. मोहन्यासारख्या औद्योगिक वस्तीत वृद्धाच्या तपासणीपत्रकावर सेकंदांच्या शेजारी त्याच्या कामाचा इतिहासही नोंदविला जाणे आवश्यक आहे. अन्यथा नसांचा विकार ‘वयोमानानुसार’ या एका शब्दाखाली झाकला जाईल.