लिसाचं टेबल

अर्धं काम टाकून उठायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तांदूळ निवडायला घ्यावेत आणि दारावर कोणी यावं. परत येऊन बसलं की निवडलेले एकीकडे, राहिलेले दुसरीकडे. हात थांबला होता तिथून पुढे सुरू. ऑफिसात पहिल्यांदा कॉम्प्युटरपुढे बसले तेव्हा वाटलं, इथंही तसंच असणार. फोन आला म्हणून उठले, मागून कुणीतरी मशीन बंद केलं आणि दीड तास टाइप केलेली यादी गेली. वर बोलणी खाल्ली ती मीच. 'सेव्ह' का नाही केलं?

असा प्रश्न ज्याला पडूच नये अशा बेतानं बनवलेला एक कॉम्प्युटर होऊन गेला, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं नाव लिसा. अमेरिकेतल्या ॲपल कंपनीनं १९ जानेवारी १९८३ रोजी तो बाजारात आणला. कॉम्प्युटर चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत पडद्यामागून सगळा कारभार बघणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती लिसाची फार समजूतदार होती. बंद करायचं बटण दाबलं की वीज लगेच तुटत नसे. आधी उघडे कागद जपून ठेवले जात, टेबलावर काय कुठं होतं त्याची नोंद होई, मग मशीन आपणहून बंद होई. पुन्हा चालू केलं की तेच कागद, त्याच जागी. नवं पत्र लिहायचं तर आधी प्रोग्रॅम शोधायचा नाही. पडद्यावर कोऱ्या कागदांचं पॅड असे, त्यातला एक कागद फाडून घ्यायचा.

ही समज आली कुठून? तिची एक मुळी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात सापडते. तिथं ब्राव्हो नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम होता. त्यात एकच अक्षर कधी मजकूर असे, कधी हुकूम. भलत्या वेळी इंग्रजी 'एडिट' शब्द टाइप केला, तर 'ई'नं सगळा मजकूर निवडला जाई, 'डी'नं पुसला जाई, 'आय'नं नवं लिहायची तयारी होई आणि पानावर उरे एकटा 'टी'! लॅरी टेस्लर या माणसाला हे पटेना. त्यानं नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका सेक्रेटरीबाईंना कोऱ्या पडद्यापुढं बसवलं, दुरुस्त्या केलेला कागद हातात दिला आणि विचारलं, तुम्ही हे कसं कराल? पुढं 'कट', 'कॉपी', 'पेस्ट' ज्या रूपात आपल्यापर्यंत आलं, त्यामागं असल्या विचारपुशीचा मोठा वाटा आहे.

डिसेंबर १९७९ मध्ये ॲपलची मंडळी ते केंद्र बघायला आली. तिथल्या अ‍ॅडेल गोल्डबर्ग यांनी ठाम विरोध केला. आपल्या घरातला ऐवज परक्याला उघडून दाखवताय, असं त्यांचं म्हणणं. वरून हुकूम आला तेव्हाच त्या तयार झाल्या. बाई बरोबर होत्या की नाही, तुम्हीच ठरवा. १९८० मध्ये टेस्लरही ॲपलमध्ये गेला.

तिथंही त्यानं कॉम्प्युटर न जाणणाऱ्यांना लिसापुढं बसवलं. एका बटणावर 'डू इट', म्हणजे 'कर', असं लिहिलं होतं. अक्षरं इतकी जवळ की एकाला तो शब्द 'डोल्ट' वाटला, म्हणजे मठ्ठ. मशीन मला मठ्ठ का म्हणतंय, म्हणून तो चिडला. तिथं मग 'ओके' आलं. आज फोनवर आपण जे 'ओके' दाबतो, त्याला हाही एक किस्सा चिकटलेला आहे.

पण एवढी समज महाग पडली. किंमत ९,९९५ डॉलर. तेवढ्यात तिकडं मोटार येई. अनेक प्रोग्रॅम एकदम चालायचे, एक कोसळला तर दुसऱ्याच्या जागेत पडू नये म्हणून मध्ये भिंती घातलेल्या; हा सगळा भार त्या काळच्या चिपला पेलेना आणि मशीन रेंगाळे. वर्षभरानं त्याच कंपनीचा मॅकिंटॉश आला, २,४९५ डॉलरला. त्यानं खिडक्या, मेनू, माऊस ठेवले. भिंती काढल्या, एका वेळी एकच प्रोग्रॅम ठेवला आणि सगळं जपून बंद होणंही सोडलं. त्या भिंती मॅकमध्ये २००१ साली आल्या, आणि कागद आपोआप जपणं, उघडे होते तसे परत मांडणं २०११ साली. मधली अठ्ठावीस वर्षं 'सेव्ह का नाही केलं' चालूच.

नावाचंही सांगते. कंपनी म्हणे, लिसा ही एका तांत्रिक नावाची आद्याक्षरं आहेत. पण स्टीव्ह जॉब्जना १९७८ मध्ये झालेल्या मुलीचं नाव लिसा होतं. ती आपली नव्हे असं ते म्हणत होते, प्रकरण कोर्टात गेलं होतं. आणि त्याच काळात मशीनला मात्र तिचं नाव! मशीन तिच्याच नावाचं, हे त्यांनी आपल्या चरित्रकाराला पुढं सांगितलं. तोवर ती लेक मोठी झाली होती.

१९८९ मध्ये न खपलेल्या सुमारे २,७०० लिसा युटातल्या लोगन गावी कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या गेल्या. काही अजून हौशी लोकांकडं आहेत, चालूही होतात. फक्त त्यांचं घड्याळ १९९५ च्या पुढचं साल घेत नाही, म्हणून मालक त्यांना एखादं जुनंच साल सांगतो. मग टेबल उघडतं, कागद जिथल्या तिथं.