वहीची होळी आणि यादीची होळी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी एक विलक्षण प्रकार घडला. सुपे हे बाजाराचे गाव. तेथे पुष्कळ दुकानदार राहत आणि त्यांपैकी बरेचसे सावकारीही करीत. आजूबाजूच्या खेड्यांतील रयत जमली, तिने दुकानांवर चाल केली आणि हिशेबाच्या वह्या व कर्जरोखे मागून घेऊन ते जाळून टाकले. धान्याची दुकाने लुटली गेली. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. दख्खनचे दंगे म्हणून विद्यार्थी हा प्रसंग पाठ्यपुस्तकात वाचतात व परीक्षेपुरता लक्षात ठेवतात.

त्याच सुमारास अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतही होळ्या पेटू लागल्या होत्या. तेथे मात्र जाळणारे हात दुकानदारांचे होते आणि जळत होत्या त्या शिकागोहून टपालाने येणाऱ्या मालाच्या याद्या.

आज घरबसल्या मोबाईलवरून वस्तू मागवाव्यात की पेठेतल्या दुकानातून घ्याव्यात, याची चर्चा आपल्या घराघरांत होते. वडील म्हणतात, नाक्यावरच्या माणसाचे पोट त्यावर आहे. मुलगा म्हणतो, तीच वस्तू तिथे स्वस्त आहे. दोघेही समजतात की हा वाद काल-परवाचा आहे. वस्तुतः तो दीडशे वर्षांचा जुना आहे, आणि त्याची पाळेमुळे वरील दोन होळ्यांत सापडतात.

या दोन्ही गोष्टींच्या मागे एकच युद्ध होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला आणि दुकानदारांनी शेतकऱ्याला हात सैल सोडून उधार दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, उधारी आटली. सरकारने सारा मात्र वाढविला. ज्याच्याकडून मीठ-कापड घ्यायचे त्याच्याच वहीत कर्ज, त्यालाच पीक विकायचे, आणि वहीत काय लिहिले आहे हे वाचता येत नाही! सुप्याच्या रयतेने वहीच जाळली ती या कोंडीतून. सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. जुन्या दुकानदाराच्या आपुलकीच्या गोष्टी आपण सांगतो त्या खोट्या नाहीत. पण त्या सांगताना सुपे विसरता कामा नये.

अमेरिकन शेतकऱ्याची तक्रारही फारशी वेगळी नव्हती. गावात एकच दुकान, माल मोजका, भाव दुकानदार म्हणेल तो. आरन माँटगोमेरी वॉर्ड नावाचा एक फिरता विक्रेता अशा दुकानांना माल पुरवीत असे, त्यामुळे आतली गोम त्याला ठाऊक होती. १८७१ साली शिकागोला मोठी आग लागून त्याचा साठवलेला माल खाक झाला. तरी १८७२ साली त्याने एका कागदावर मालाची आणि भावांची यादी छापून शेतकऱ्यांच्या ग्रेंज नावाच्या संघटनेच्या सभासदांना पाठविली. मधला दलाल नाही आणि व्यवहार रोखीचा, म्हणून भाव कमी. १८७५ साली त्याने जाहीर केले की माल पसंत न पडल्यास पैसे परत. हे वर्ष सुप्याचेही आहे. पुढे सीअर्स रोबक ही कंपनी याच धंद्यात उतरली आणि वॉर्डच्याही पुढे गेली. खेड्यांतील दुकानदारांनी याद्या जाळल्या, सरकारी टपालाने मोठी पार्सले नेऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षे विरोध केला. परंतु १ जानेवारी १९१३ पासून तेथे पार्सल-टपाल सुरू झालेच.

आपल्याकडे या बाबतीत टपाल खाते अमेरिकेच्या पुढे होते, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. १८७७ साली हिंदुस्थानात व्ही.पी. सुरू झाली आणि १८८० साली मनिऑर्डर. व्ही.पी.ची युक्ती साधी होती. विकणारा लांबच्या शहरात, घेणारा आडगावी. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. पैसे आधी कोणी द्यावे? तेव्हा दोघांचाही भरवसा असलेला पोस्टमन मध्ये उभा राहिला. तो वस्तू हाती देई, रक्कम घेई आणि ती विक्रेत्याकडे पोचती होई. जुन्या मराठी मासिकांच्या मागच्या पानांवर घड्याळे, औषधे, पुस्तके यांच्या जाहिरातींखाली ‘व्ही.पी.ने पाठवू’ ही अक्षरे हटकून असत. त्यात फसवणूकही होई, कारण रक्कम भरल्याशिवाय पुडके फोडता येत नसे. उलट एखादा गृहस्थ हौसेने मागवी आणि पुडके दारात आल्यावर परत लावी. जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्याच्या माथी.

व्ही.पी.चे सर्वांत मोठे देणे मात्र पुस्तकांचे आहे. लखनौचा नवल किशोर छापखाना १८५८ साली निघाला आणि त्याच्या याद्या दूरदूर जात. उर्दू असो, फारसी असो की मराठी, ज्या गावात पुस्तकाचे दुकान नाही तेथे टपाल हेच दुकान होते. आपल्या आधीच्या पिढ्यांतील कित्येक घरांत जी दहा-पाच पुस्तके होती, ती अशीच आलेली.

आता आपल्या लोकांकडे पाहू. आपली आडनावेच बाजाराची आहेत. आतार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी, खाटीक. गावगाड्यात ही माणसे सर्व जातिधर्मांच्या उंबऱ्याशी जात. अत्तर-ऊद विकणाऱ्या आतारापाशीच कुंकूही मिळे. मणियार हात नुसता पाहून सांगे की दोन-चार की दोन-सहा, आणि काचेची बांगडी न तडकू देता मनगटावर चढवी. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी आपले जे संबंध जुळले, त्यात या दुकानांचा वाटा भाषणांहून मोठा आहे. व्ही.पी.ने या माणसांना धक्का लावला नाही, कारण ती गावात नसलेली वस्तू आणून देत होती. घड्याळ मुंबईहून येई. बांगडी पेठेतूनच भरली जाई.

नव्या काळातील फरक नेमका इथे आहे. २००७ साली बंगळुरूला फ्लिपकार्ट सुरू झाली ती पुस्तकांपासूनच, म्हणजे व्ही.पी.च्याच वाटेने. २०१० साली तिने वस्तू हाती आल्यावर रोख घेण्याची सोय केली. ही तर व्ही.पी.च, फक्त पोस्टमनच्या जागी कंपनीचा मुलगा. २०१३ साली ॲमेझॉन भारतात आली, २०१६ पासून मोबाईलवरून पैसे देणे सोपे झाले. आणि मग दूरचे दुकान शेजारच्या गल्लीत मिळणारी वस्तूही विकू लागले. साबण, चप्पल, बांगडीसुद्धा. मणियाराची मुलगी आमच्याच शाळेत शिकत असते आणि तिच्या वर्गमैत्रिणी बांगड्या मोबाईलवर मागवितात. त्या मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. भाव पाहून घेणे हा गुन्हा नव्हे. शिकागोच्या यादीने शेतकऱ्याला भाव ताडून पाहायला शिकविले, हे तिचे उपकारच होते. आपल्या दुकानदारांनीही ‘घेतलेला माल परत मिळणार नाही’ ही पाटी कधी काढावी, याचा विचार वॉर्डने १८७५ सालीच करून ठेवला आहे.

तथापि एक गोष्ट यादीला कधी जमली नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. पहिल्या काही आठवड्यांत कंपन्यांची घरपोच सेवा विस्कळीत झाली आणि गल्लीतल्या किराणा दुकानाचे अर्धे उघडे दार हाच आधार उरला. हाताला काम नव्हते तेव्हा कित्येकांची चूल नाक्यावरच्या उधारीवर पेटली. मोबाईलही आता हप्त्याने देतो, नाही असे नाही. पण त्याचा हप्ता ठरल्या दिवशी जातो. घरात आजारपण आहे की मुलाची फी भरायची आहे, हे त्याला कळायला वाव नाही.

माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी छोटे दुकान होते. किराणा आणि थोडे शालेय साहित्य. जून महिन्यात त्यांच्या वहीची पाने भराभर भरत. वह्या एक डझन, कंपास एक, पाटी एक, आणि पुढे नाव. दिवाळीपर्यंत बरीच नावे खोडली जात. काही दुसऱ्या जूनमध्ये पुन्हा येत. वडील मागायला जात नसत असे मी म्हणणार नाही. जात, आणि भांडणेही होत. आई त्यावरून रागावे. दुकान बंद केले तेव्हा त्यांनी ती वही जाळली नाही, मला दिली. तिच्यात न खोडलेली सतरा नावे आहेत. त्यांतील तिघेजण पुढे शिक्षक झाले, एक नर्स झाली. बाकीच्यांचे काय झाले याची चौकशी मी अद्याप करीत आहे.