गोंगाट कुठे उभे राहून मोजायचा?

१९०६ साली ज्यूलिया बार्नेट राइस यांनी न्यूयॉर्क शहरात एक संस्था स्थापन केली. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘अनावश्यक गोंगाट दडपण्यासाठी स्थापलेली संस्था’ असा होतो. हडसन नदीतील बोटींच्या रात्रभर चालणाऱ्या शिट्ट्यांविरुद्ध राइसबाईंनी मोहीम चालवली आणि इस्पितळांभोवती शांतता पाळली जावी म्हणून खटपट केली. संस्थेच्या बालशाखेचे मानद अध्यक्षपद मार्क ट्वेन यांनी स्वीकारले होते. साहित्याच्या अभ्यासकाने या नावातील विशेषणापाशी थोडे थांबावे. ‘अनावश्यक’ म्हटले की ‘आवश्यक गोंगाट’ ही दुसरी कोटी आपोआप तयार होते. फेरीवाल्याची आरोळी अनावश्यक ठरवणे सोपे होते. पोलादी सांगाड्यावर रिव्हेट ठोकणाऱ्या यंत्राला तसे म्हणणे अवघड होते. तो वाढत्या शहराचा आवाज होता, आणि त्याला हरकत घेणे म्हणजे प्रगतीलाच हरकत घेणे असे मानले जाई.

हे विशेषण बाजूला सारले ते आकड्याने. दूरध्वनीच्या तारांमधून जाताना आवाज किती क्षीण होतो हे मोजण्यासाठी बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२०च्या दशकात जे एकक रूढ केले, तेच डेसिबल. त्याची चढण सरळ नाही: १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता १० पट, कानाला मात्र तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. १९२९ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य आयुक्तांनी गोंगाट-निवारण आयोग नेमला. मोजणीची उपकरणे बसवलेला एक ट्रक शहरभर फिरला आणि त्याने १३८ ठिकाणी सुमारे १०,००० मोजण्या घेतल्या. वृत्तपत्रांतून एक प्रश्नावलीही छापण्यात आली. ११,०६८ तक्रारींचे वर्गीकरण आयोगाच्या १९३०च्या अहवालात आहे. रस्त्यावरील वाहने ३६.२८ टक्के, सार्वजनिक वाहतूक १६.२९ टक्के, रेडिओ १२.३४ टक्के, त्यानंतर मालाची ने-आण, शिट्ट्या व घंटा, आणि सहाव्या क्रमांकावर बांधकाम : ७.४० टक्के.

त्याच वर्षी, १७ मार्च १९३० रोजी, एम्पायर स्टेट इमारतीचे बांधकाम सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी तिचे उद्घाटन झाले. हे ध्यानात घेतले की ७.४० हा आकडा विलक्षण लहान वाटू लागतो. कारण उघड आहे. वाहनांचा आवाज रोज सर्वत्र असतो. बांधकामाचा आवाज काही महिने एका गल्लीचा जीव नकोसा करतो आणि पुढच्या गल्लीत जातो. संपूर्ण शहराची सरासरी काढली की ही पीडा पातळ होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रश्नावली नागरिकाच्या खिडकीत बसून भरली गेली होती. रिव्हेटचे काम चौघांची टोळी करी: एक भट्टीत रिव्हेट तापवी, दुसरा ती फेकलेली लालबुंद रिव्हेट डब्यात झेली, तिसरा मागून टेकू देई, चौथा हवेच्या दाबावर चालणारा हातोडा धरी. हे चौघे गोंगाट करणारे म्हणून त्या कोष्टकात आहेत. तो ऐकणारे म्हणून नाहीत.

ऐकणारे म्हणून त्यांच्यासारख्यांची दखल त्याआधीच घेतली गेली होती, तीही डेसिबल नसताना. ग्लासगोचे कानाचे डॉक्टर टॉमस बार यांनी १८८६ साली १०० बॉयलर-कामगार, १०० ओतारी आणि १०० पोस्टमन तपासले. त्यांचे उपकरण होते खिशातले घड्याळ : त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, हे त्यांनी पाहिले. १०० बॉयलर-कामगारांपैकी एकाचेही ऐकणे निर्दोष निघाले नाही. सभेतील भाषण ऐकताना अडचण येणारे ओताऱ्यांत १२ टक्के, पोस्टमनांत ८ टक्के, आणि बॉयलर-कामगारांत ७५ टक्के होते. न्यूयॉर्कच्या ट्रकने रस्ता मोजला. बार यांनी कान मोजला.

प्रश्न मग केवळ अचूकतेचा राहत नाही. मोजणारा कुठे उभा आहे, याचाही होतो. १९६४ साली न्यूयॉर्कच्या सहाव्या अॅव्हेन्यूवर भुयारी रेल्वेचे काम निघाले. नाट्यव्यवसायातील व्यवस्थापक रॉबर्ट अॅलेक्स बॅरन यांचे घर जवळच होते. त्यांनी १९६६ साली नागरिकांची संघटना उभारली आणि १९७० साली या विषयावर एक पुस्तक लिहिले. यंत्रेच कमी आवाजाची बांधता येतात, मग ती बांधली का जात नाहीत, हा त्यांचा सवाल होता. अमेरिकेच्या १९७२च्या ध्वनिनियंत्रण कायद्याखाली १९७६ साली फिरत्या एअर कॉम्प्रेसरसाठी मर्यादा ठरली : ७ मीटर अंतरावर ७६ डेसिबल. आता मोजमाप यंत्रासमोर येऊन उभे राहिले होते, म्हणजे उत्तर देण्याची जबाबदारी ते तयार करणाऱ्यावर आली होती. १९८२ साली या संघीय कार्यक्रमाचा निधी थांबला आणि ती वाट तिथेच खुंटली.

जपानने मोजमाप कुंपणावर आणले. १९६८च्या कायद्याने पाइल ठोकण्यासारख्या ठरावीक कामांसाठी बांधकामाच्या हद्दीवर ८५ डेसिबलची मर्यादा घातली. कोचीचे कंत्राटदार अकिओ कितामुरा यांचे पाइल ठोकण्याचे काम लोकांच्या तक्रारींचा विषय झाले होते. त्यांनी १९७५ साली निराळे यंत्र आणले. ते आधी रोवलेल्या पाइलांना घट्ट पकडते आणि त्यांच्या आधारावर पुढचा पाइल जमिनीत दाबते. घाव घालणेच नाहीसे झाले, तेव्हा आवाजही गेला. रिव्हेटचेही काहीसे असेच झाले. अमेरिकेत १९५१ साली उच्च-ताकदीच्या बोल्टांचे पहिले मानक आले आणि रिव्हेटच्या टोळ्या हळूहळू ओसरल्या; मात्र त्यामागे मजुरीचा आणि खर्चाचा हिशेब मोठा होता.

भारतात २०००च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. २०१०च्या दुरुस्तीने निवासी भागात व शांतता क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवण्यास मनाई केली. रहिवाशाची झोप त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आली, आणि ते योग्यच झाले. पण इथेही मोजमाप वस्तीचे आहे. ड्रिल धरून उभ्या असलेल्या मजुराचे नाही. अमेरिकेतही कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी नियमित कानतपासणी सक्तीची करणारी १९८३ची दुरुस्ती बांधकाम-उद्योगाला लागू केली गेली नाही.

राइसबाईंच्या ‘अनावश्यक’ या शब्दाने गोंगाटाची दोन वर्गांत विभागणी केली. आकड्याने ती विभागणी पुसली, पण ऐकणाऱ्यांची विभागणी तशीच राहू दिली. बार यांच्या घड्याळाला तेवढे ठाऊक होते की गोंगाटाच्या सर्वांत जवळ एक माणूस उभा असतो, आणि संध्याकाळी इतरांसारखा तोही एखाद्या सभेला जाऊन बसतो.