गोमंतकाचे मेस्त्री आणि मुंबईचा जॅझ

कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेबांनी जी गायकी रुजविली, तिच्या दोन थोर वारसदार, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, या गोमंतकाच्या कन्या होत्या. आणि त्याच गोमंतकाने, पोर्तुगीज अमलात, चर्चच्या शाळांतील मेस्त्रींकरवी, म्हणजे संगीतशिक्षकांकरवी, मुंबईच्या जॅझलाही वादक पुरविले.

या मेस्त्रींच्या हाताखाली मुलगा आधी स्वरलिपी बिनचूक वाचावयास शिके आणि मगच व्हायोलिन हाती धरी. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हा या नव्या संगीताचे आव्हान पेलण्याची पूर्वतयारी गोमंतकीय वादकांपाशी होती.

जॅझमधील रूढ गीत बहुधा ३२ बारांचे, म्हणजे तालखंडांचे, असते. वादक प्रथम मूळ चाल वाजवितात, मग तिच्याच स्वरसंघांच्या आधारे प्रत्येक जण आळीपाळीने उत्स्फूर्त विस्तार करतो आणि अखेर सारे मूळ चालीवर येतात, जसा आपला गवई बंदिशीच्या मुखड्यावर येतो.

आल्दोन्याचे आंतोनियो झेव्हियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, या विद्येत पारंगत झाले, आणि पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात त्यांचे साहाय्य घेतले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर संगीतकार प्यारेलालसारखा शिष्य घडविला.

महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात घराण्यांच्या उस्तादांशेजारी या मेस्त्रींनाही मानाचे स्थान मिळाले पाहिजे.