राजापूरची गंगा आणि तिच्या तिथी

राजापूर म्हटले की दोन गोष्टींचे स्मरण होते : इंग्रजांची वखार आणि गंगा. वखारीचा इतिहास लिहिणे सोपे. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरास तोफांचे साह्य केले. पुढील वर्षी शिवाजीमहाराजांनी राजापूर घेतले व हेन्री रेव्हिंग्टन आपल्या सोबत्यांसह कैदेत पडला. हे सर्व पत्रांत आहे. कंपनीच्या कारकुनास तारीख घातल्यावाचून चैन पडत नसे.

गंगेस असा कारकून लाभला नाही. जवळच उन्हाळे गावी तिची चौदा कुंडे एरवी कोरडी असतात. एके दिवशी मूळ कुंडात पाणी उसळते, गोमुखातून काशीकुंडात पडू लागते, आणि काही महिने माहेरवाशिणीसारखे राहून निघून जाते. ती दर तीन वर्षांनी येते, असे आपण आजीकडून ऐकले. आजीने तिच्या आजीकडून.

चुनखडीच्या मुलखात पाणी खडक विरघळवून भुयारे करते. फ्रान्समधील व्होक्लूझच्या झऱ्यात १९८५ साली यंत्र सोडले, तेव्हा तळ ३०८ मीटरांवर लागला. आपल्या कोकणात जांभा आणि काळा पाषाण. येथे पाणी भेगांतून व पोकळ्यांतून वाट काढते. गंगेच्या येण्याजाण्याची जी उपपत्ती सांगतात, ती आपल्या देवघरातील वसुदेवाच्या पेल्याचीच होय. पाणी कृष्णाच्या पायास लागले, की आतील वाकड्या नळीने पेला रिता होतो. पेल्यात धार एकसारखी पडेल तर तो ठरल्या वेळी रिता होईल. परंतु कोकणचा पाऊस एकसारखा कधी पडतो? तेव्हा गंगेने २०१९ नंतर २०२० सालीही दर्शन दिले, तेही टाळेबंदीत, यात्रा भरणे शक्य नसता, म्हणून कलियुगास बोल लावण्याचे कारण नाही. तीन वर्षांचा नेम तिने मोडला, की तो आपणच तिच्यावर लादला होता?

याचा निवाडा तर्काने व्हावयाचा नाही, तिथी हव्यात. आणि त्या मिळण्याजोग्या आहेत. गावाकडून मुंबईच्या चाकरमान्यास जाणाऱ्या पत्रांत भाताचे पीक, म्हशीचे वेत आणि 'गंगा आली' ही वार्ता एकाच दमात येई. त्या पत्रांवर तारीख असे, डाकघराचा शिक्काही असे. ती पत्रे गिरगाव-परळच्या खोल्यांतून आता वाशी-नेरूळच्या सदनिकांत आली आहेत. जागेच्या टंचाईने पहिली रद्दी होते ती त्यांचीच. ज्या घरी अशी पेटी असेल, तेथील मंडळींनी ती विकण्यापूर्वी एक दुपार खर्चावी व गंगेच्या ओळी तारखांसह उतरून घ्याव्यात.